संग्राहकाची दृष्टी आणि इंजिनाचे नाव : वॉर्ड किंबॉल यांच्या ‘ग्रिझली फ्लॅट्स’ रेल्वे-संग्रहाचा चिकित्सक विचार

प्रस्तावना :

जुन्या वस्तूंच्या खासगी संग्रहाकडे पाहण्याची आपल्याकडील दृष्टी बहुतांशी कृतज्ञतेची आहे. भंगारात किंवा भट्टीत जाणारी वस्तू कोणी एकट्याने, पदरमोड करून वाचवली, की तिची चिकित्सा करणे काहीसे असभ्य वाटते. त्यामुळे संग्राहकाविषयीचे लेखन गौरवपर होते आणि संग्रहाविषयीचे लेखन यादीवजा होते. मात्र संग्रह ही एक रचना आहे. तीत निवड असते, वगळणे असते, नामकरण असते, रंगकाम असते. म्हणजेच एखाद्या साहित्यकृतीप्रमाणे तिचे वाचन करता येते. वाफेच्या इंजिनांच्या संग्रहाबाबत हे वाचन अधिक निकडीचे ठरते, कारण इंजिन हे श्रमाचे साधन आहे आणि त्याचा पुनरुद्धार करताना श्रमाची स्मृती राखायची की केवळ लोखंड, हा प्रश्न टाळता येत नाही. या दृष्टीने अमेरिकेतील व्यंगपट-चित्रकार वॉर्ड किंबॉल (१९१४–२००२) यांनी कॅलिफोर्नियातील सॅन गेब्रिएल येथे स्वतःच्या घराच्या आवारात उभारलेल्या ‘ग्रिझली फ्लॅट्स रेलरोड’ या संग्रहाचा विचार येथे केला आहे.

संग्रहाचे स्वरूप :

किंबॉल हे वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रसंस्थेतील आद्य व अग्रगण्य अॅनिमेटरांपैकी एक. ‘पिनोकिओ’मधील जिमिनी क्रिकेट या रातकिड्याचे रूप त्यांनीच घडवले. १९३८ मध्ये त्यांनी सदर्न पॅसिफिक कंपनीच्या अरुंदमापी मार्गावरील १८८१ चा एक निकामी प्रवासी डबा ५० डॉलरला विकत घेतला. त्याच वर्षी नेवाडा सेंट्रल ही रेल्वे बंद पडली आणि तिचे ‘सिडनी डिलन’ हे बाल्डविन कारखान्यात १८८१ मध्ये तयार झालेले इंजिन त्यांनी ४०० डॉलरला घेतले. त्या वेळी किंबॉल जेमतेम चोवीस वर्षांचे होते. चाकरचना २-६-०, अमेरिकन परिभाषेत या रचनेला ‘मोगल’ म्हणतात, आणि हा शब्द थेट आपल्या इतिहासातून तिकडे गेला ही गंमत मराठी वाचकाच्या लक्षात आल्याशिवाय राहत नाही. रुळांमधील अंतर तीन फूट, म्हणजे बार्शी लाईट रेल्वेच्या अडीच फुटी मार्गापेक्षा थोडे रुंद आणि आपल्या मीटर गेजपेक्षा थोडे अरुंद.

पुढील काही वर्षे किंबॉल यांनी मित्रांच्या मदतीने या इंजिनाची दुरुस्ती केली. १९४० च्या दशकाच्या पूर्वार्धात इंजिन पुन्हा वाफेवर आले. घराच्या आवारातील लोहमार्गाची एकूण लांबी एक हजार फुटांपेक्षाही कमी होती. इतक्या लांबीत पूर्ण आकाराचे इंजिन धावू लागते न लागते तोच त्याला थांबवावे लागते. कालांतराने या मार्गालगत इंजिनशेड, पाण्याची टाकी, पवनचक्की, मालडबे आणि एक स्थानक अशी भर पडत गेली. १९४८ मध्ये हवाई बेटांवरील उसाच्या मळ्यातील एक छोटे इंजिनही येथे दाखल झाले.

वॉल्टर बेंजामिन यांनी संग्राहकाविषयी मांडलेला विचार मराठी समीक्षेला अपरिचित नाही. संग्राहक वस्तूला उपयुक्ततेच्या जोखडातून सोडवतो, असे त्या विचाराचे सार सांगता येईल. किंबॉल यांच्या आवारातील इंजिनाला हे सूत्र लावले असता एक अडचण उभी राहते. येथे वस्तू काचेच्या कपाटात गेलेली नाही. तिच्यात पाणी भरले जाते, विस्तव पेटवला जातो, शिटी वाजते, डबा ओढला जातो. म्हणजे कामाची सर्व क्रिया शाबूत आहे. फक्त त्या कामाचे प्रयोजन नाहीसे झाले आहे. या विसंगतीतच या संग्रहाचे आकर्षण आणि त्याची मर्यादा, दोन्ही दडलेल्या आहेत.

जीर्णोद्धार की नवनिर्मिती :

युरोपात एकोणिसाव्या शतकात या प्रश्नावर मोठा वाद झाला. फ्रेंच वास्तुविशारद व्हियोले-ल-द्युक यांच्या मते, पुनरुद्धार म्हणजे वास्तूला अशा परिपूर्ण स्थितीत नेणे, जी प्रत्यक्षात कोणत्याही एका काळी अस्तित्वात नसेलही. जॉन रस्किन यांनी १८४९ मध्ये नेमक्या अशाच पुनरुद्धाराला असत्य ठरवले होते. १९६४ च्या व्हेनिस सनदेने मध्यम मार्ग सांगितला : वास्तूत प्रत्येक कालखंडाने घातलेली रास्त भर आदराने राखावी, शैलीची एकसंधता हे उद्दिष्ट मानू नये.

मराठीतील ‘जीर्णोद्धार’ हा शब्द या वादाच्या बाहेरून येतो. मंदिराचा जीर्णोद्धार करताना झिजलेला दगड काढून नवा बसवला तर श्रद्धाळू मनाला काही खोटे घडल्यासारखे वाटत नाही, कारण तेथे पूजा अखंड चालू राहणे महत्त्वाचे मानले जाते. वाफेच्या इंजिनाला ही कल्पना युरोपीय कल्पनेपेक्षा अधिक लागू पडते, असे म्हणण्यास जागा आहे. बॉयलरच्या नळ्या, खिळे, चाकांच्या धावा हे सारे इंजिनाच्या चालू आयुष्यातही बदलले जात असते. मूळ धातू जपायचा तर विस्तव विझवावा लागतो आणि विस्तव जपायचा तर धातू बदलावा लागतो. किंबॉल यांनी विस्तवाची बाजू घेतली. तेवढ्यापुरता त्यांचा निर्णय समर्थनीय आहे.

प्रश्न निर्माण होतो तो रूपाबाबत. किंबॉल यांनी इंजिनाला दिलेले रूप हे एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन इंजिनाचे रंगीत, पितळेने झळाळणारे, चित्रकाराच्या हाताने सजलेले रूप होते. त्या काळातील इंजिने रंगीत असत, यात शंका नाही. त्यामुळे या सजावटीस खोटी म्हणता येणार नाही. तथापि हे इंजिन १८८१ ते १९३८ अशी सत्तावन्न वर्षे अस्तित्वात होते. त्यांपैकी पहिल्या थोड्या वर्षांचे रूप निवडले गेले आणि उरलेली दशके, म्हणजे धूळ, ठिगळे आणि काटकसर, धुऊन टाकली गेली. व्हेनिस सनदेची कसोटी लावली तर येथे स्पष्ट नापास हाच शेरा पडेल. अर्थात ही सनद इंजिनांसाठी लिहिलेली नाही आणि किंबॉल यांच्या कामानंतर दोन दशकांनी आली, हेही नमूद केले पाहिजे.

पुसली गेलेली रेल्वे :

नेवाडा सेंट्रलचा इतिहास पाहिला की काय धुऊन टाकले गेले याची कल्पना येते. नेवाडा राज्यातील बॅटल माउंटन ते ऑस्टिन हा सुमारे ९३ मैलांचा मार्ग. हा सारा प्रदेश पश्चिम शोशोनी लोकांचा. ऑस्टिन हे चांदीच्या खाणींचे गाव. रेल्वे ठरलेल्या मुदतीत गावाच्या हद्दीत पोहोचल्यास लँडर परगण्याकडून दोन लाख डॉलरचे साहाय्य मिळणार होते. ९ फेब्रुवारी १८८० च्या मध्यरात्री मुदत संपत होती आणि रूळ अद्याप गावापासून दूर होते. तेव्हा गावाच्या कारभाऱ्यांनी गावाची हद्दच पुढे सरकवली आणि मुदत संपण्यास काही मिनिटे उरली असताना रूळ त्या नव्या हद्दीत शिरले. मात्र चांदीचा बहर तोवर ओसरू लागला होता. म्हणजे ही रेल्वे जन्मली तीच उतरणीवर, आणि पुढील अठ्ठावन्न वर्षे तिने एका ओसरत्या गावाची ने-आण केली. आपल्या मालकीच्या डोंगरात काही उरलेले नाही हे ठाऊक असलेल्या माणसांची ही रेल्वे होती. झळाळत्या पितळेत हा अनुभव मावत नाही.

या संदर्भात एक तुलना उद्बोधक ठरते. नेवाडा सेंट्रलवरच काम केलेले १८७६ चे दुसरे एक बाल्डविन इंजिन आज सॅक्रामेंटो येथील कॅलिफोर्निया राज्य रेल्वे संग्रहालयात आहे. सार्वजनिक निधीतून आणि अभ्यासकांच्या देखरेखीखाली त्याचा अत्यंत काटेकोर पुनरुद्धार झाला. पण तोही ‘सोनोमा’ या नावाने, म्हणजे नेवाडा सेंट्रलकडे येण्यापूर्वी ते ज्या नॉर्थ पॅसिफिक कोस्ट रेल्वेवर केवळ तीन वर्षे धावले, त्या ओळखीने. खासगी संग्राहक कल्पनेच्या आहारी जातो आणि शासकीय संग्रहालय सत्याला धरून राहते, हा ढोबळ समज येथे टिकत नाही. एकाने चित्रकाराच्या नजरेने, दुसऱ्याने कागदपत्रांच्या आधाराने, परंतु दोघांनीही इंजिनाचे तारुण्यच निवडले. ज्या रेल्वेने ही दोन्ही इंजिने दीर्घकाळ राबवली, तिचे नाव दोहोंवरही उरले नाही. किंबॉल यांच्यावर ठेवायचा आक्षेप हा केवळ त्यांच्यावरचा आक्षेप नाही, हे यावरून स्पष्ट होते.

नामांतराचा अर्थ :

किंबॉल यांनी इंजिनाचे ‘सिडनी डिलन’ हे नाव बदलून ‘एमा नेवाडा’ ठेवले. सिडनी डिलन हे युनियन पॅसिफिक रेल्वेचे अध्यक्ष, म्हणजे भांडवलाच्या बाजूचे नाव. एमा नेवाडा (१८५९–१९४०) ही युरोपात कीर्ती मिळवलेली ऑपेरा-गायिका. मूळ नाव एमा विक्सम. तिचे बालपण याच ऑस्टिन गावात गेले आणि रंगभूमीसाठी तिने नेवाडा हे नाव स्वीकारले. हे नामांतर वरवर पाहता लहरी वाटते, परंतु ते तसे नाही. मालकाचे नाव काढून त्या मार्गाच्या टोकाच्या गावात वाढलेल्या मुलीचे नाव देणे, यात एक सुजाण दृष्टी आहे. संपूर्ण संग्रहात इतिहासाशी इतके सूक्ष्म नाते जोडणारी दुसरी कृती आढळत नाही. रंगकामाने जे पुसले त्याचा काही अंश या नावाने परत आणला, असेही म्हणता येईल.

दुसऱ्या इंजिनाबाबत मात्र असे म्हणता येत नाही. हवाईतील ओआहू बेटावरील वाइमानालो शुगर कंपनी १९४७ मध्ये बंद पडली. तिच्याकडील १९०७ चे ‘पोकाआ’ नावाचे बाल्डविन इंजिन किंबॉल यांनी घेतले आणि त्याला आपल्या मुलीचे ‘क्लोई’ हे नाव दिले. हवाईच्या ऊसमळ्यांचा इतिहास हा चिनी, जपानी, पोर्तुगीज आणि फिलिपिनो मजुरांच्या स्थलांतराचा, करारबद्ध श्रमाचा आणि संपांचा इतिहास आहे; त्याखाली स्थानिक हवाईयन लोकांच्या जमिनी व पाणी हिरावले जाण्याचा आणखी एक थर आहे. मळ्यातील रेल्वे ही या व्यवस्थेची वाहिनी होती. ‘पोकाआ’ या स्थानिक भाषेतील नावात निदान त्या भूमीची एक खूण होती. ‘क्लोई’ या नावाने इंजिन घरातले झाले, लडिवाळ झाले, आणि मळ्याच्या हद्दीतून कायमचे बाहेर पडले.

हे अपरिहार्य होते काय? तसे दिसत नाही. त्याच मळ्यातील १८८३ चे दुसरे इंजिन रेल्वे-इतिहासकार जेरल्ड बेस्ट यांनी घेतले. बेस्ट हे किंबॉल यांचे स्नेही, व्यवसायाने चित्रपटांतील ध्वनितंत्रज्ञ. त्यांनी इंजिनाचे ‘ओलोमाना’ हे वाइमानालोजवळच्या डोंगराचे नाव तसेच ठेवले. हे इंजिन काही काळ किंबॉल यांच्याच रुळांवर धावले आणि आज ते पेनसिल्व्हेनियातील स्ट्रासबर्ग येथील रेल्वे संग्रहालयात त्याच नावाने उभे आहे. एकाच आवारात, एकाच मळ्यातून आलेली दोन इंजिने. एकाने नाव राखले, दुसऱ्याने गमावले. संग्राहकाच्या निवडीचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही.

येथे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाची आठवण होणे स्वाभाविक आहे. दिनकर केळकर यांनी अकाली गेलेल्या आपल्या ‘राजा’ या मुलाचे नाव संग्रहालयाला दिले. अपत्याविषयीची माया दोन्हीकडे आहे. पण केळकरांनी ते नाव संग्रहाच्या दारावर लावले. आतील दिवे, अडकित्ते आणि वाद्ये आपापल्या नावांनीच राहिली. वात्सल्याला वाव देऊनही वस्तूचे स्वत्व राखता येते, एवढाच या तुलनेचा हेतू.

पडद्यावरील स्थानक :

संग्रहातील स्थानकाची कथा तर एखाद्या सिद्धान्ताचे उदाहरण म्हणून रचल्यासारखी आहे. डिस्ने यांच्या ‘सो डिअर टू माय हार्ट’ या चित्रपटासाठी उभारलेला स्थानकाचा देखावा चित्रीकरणानंतर किंबॉल यांना भेट मिळाला. तो देखावाच असल्यामुळे त्याला उभी इमारत बनवण्यासाठी किंबॉल यांना बरीच पदरमोड करावी लागली. पुढे डिस्नेलँड उभारताना वॉल्ट डिस्ने यांनी हे स्थानक परत मागितले आणि किंबॉल यांनी नकार दिला. तेव्हा त्याच नकाशावरून तेथे दुसरे स्थानक बांधण्यात आले. डिस्नेलँड काल्पनिक म्हणून मांडले जाते ते भोवतालचे सारे खरे वाटावे यासाठी, असे ज्याँ बोद्रियार यांनी १९८१ मध्ये म्हटले होते. ग्रिझली फ्लॅट्समध्ये क्रम उलटा आहे : खोटे स्थानक खऱ्या इंजिनाशेजारी उभे राहून खरे झाले, आणि खरे इंजिन त्या स्थानकाशेजारी उभे राहून चित्रपटातले वाटू लागले.

या संग्रहाचा प्रभाव त्याच्या आकाराच्या मानाने फार मोठा आहे. १९४५ मध्ये वॉल्ट डिस्ने यांनी किंबॉल यांच्या आवारात इंजिन चालवण्याचा आनंद घेतला. १९४८ मध्ये दोघे मिळून शिकागोच्या रेल्वे प्रदर्शनास गेले. १९५० मध्ये डिस्ने यांच्या घरी लघुरूपातील वाफेची गाडी धावू लागली आणि १७ जुलै १९५५ रोजी उघडलेल्या डिस्नेलँडला वेढा घालणारी तीन फुटी मापाची रेल्वे त्याच परंपरेतील आहे. किंबॉल यांच्या छंदाला या सर्वाचे एकमेव मूळ मानणे अतिशयोक्त ठरेल, कारण डिस्ने यांना रेल्वेचे वेड बालपणापासूनच होते. पण जुनी अमेरिका म्हणजे चकचकीत पितळ, लाल चाके आणि हसरा ड्रायव्हर, ही प्रतिमा जगभरच्या कोट्यवधी प्रेक्षकांपर्यंत पोहोचली, तिच्या घडणीत सॅन गेब्रिएलच्या त्या परसबागेचा वाटा आहे. म्हणूनच तेथे काय पुसले गेले, हा प्रश्न एका गृहस्थाच्या खासगी आवडीनिवडीपुरता राहत नाही.

धूर आणि वारसा :

एक बारीक तपशील येथे महत्त्वाचा वाटतो. ‘एमा नेवाडा’च्या कोळशाचा धूर शेजाऱ्यांना त्रासदायक होऊ लागला. त्यामुळे १९५० च्या दशकापासून ते इंजिन प्रामुख्याने थंडच उभे राहिले आणि गाडी ओढण्याचे काम लाकडावर चालणाऱ्या लहानग्या ‘क्लोई’कडे आले. नव्याने वाढणाऱ्या उपनगराला गतकाळाचे रंग हवे होते, शिटीही चालत होती. काजळी मात्र दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर नको होती. ज्या विस्तवासाठी रूपाची सत्यता बाजूला ठेवली, तो विस्तवच अखेर विझवावा लागला. किंबॉल यांच्या भूमिकेतील सर्वांत दुबळा दुवा हाच आहे, आणि त्यास ते सर्वस्वी जबाबदार नव्हते.

उलट बाजूही मांडली पाहिजे. १९३८ मध्ये किंबॉल यांनी ४०० डॉलर मोजले नसते तर महायुद्धाच्या काळात लोखंडाला आलेल्या मागणीत हे इंजिन वितळले असण्याचीच शक्यता अधिक होती. त्या वेळी वाफेच्या इंजिनांना वारसा मानणारी माणसे अमेरिकेतही मोजकीच होती. शिवाय किंबॉल यांनी संग्रहाचा शेवट विचारपूर्वक केला. खासगी संग्रहांचा घात बहुधा मालकाच्या मृत्यूनंतर होतो : वारसांचे मतभेद, लिलाव, पांगापांग. किंबॉल यांनी १९९० च्या सुमारास, स्वतः हयात असताना, संग्रहाचा मुख्य भाग पेरिस या कॅलिफोर्नियातील गावाच्या ऑरेंज एम्पायर रेल्वे संग्रहालयाला दिला. २०१९ पासून हे संग्रहालय सदर्न कॅलिफोर्निया रेल्वे संग्रहालय या नावाने ओळखले जाते. स्थानक मात्र मागे राहिले. ते २००७ मध्ये चित्रपट-दिग्दर्शक जॉन लॅसेटर यांनी घेतले आणि ते त्यांच्या खासगी रेल्वेवर गेले. म्हणजे पडद्यावरून आलेली वास्तू पुन्हा पडद्याच्या माणसाकडेच परतली.

सार्वजनिक संस्थेत आल्यावर या इंजिनांचे वाचन बदलायला हवे होते. तेथे ‘एमा नेवाडा’ मुख्यतः किंबॉल यांचे इंजिन म्हणून, डिस्नेच्या इतिहासाचा एक धागा म्हणून पाहिले जाते. हे स्वाभाविक आहे, कारण प्रेक्षक त्यासाठीच येतो. किंबॉल यांच्याकडील बावन्न वर्षे हासुद्धा इंजिनाच्या चरित्राचा भाग आहे आणि सनदेच्या न्यायाने तो थरही राखलाच पाहिजे. किंबॉल यांनी चढवलेला रंग आता खरवडून काढणे म्हणजे त्यांचीच चूक दुसऱ्यांदा करणे होय. त्या रंगाशेजारी ऑस्टिनच्या सरकवलेल्या हद्दीची आणि वाइमानालोच्या मजुरांची कथा मांडणे मात्र शक्य आहे, आणि त्यासाठी इंजिनाच्या एकाही खिळ्याला हात लावावा लागत नाही.

२००५ मध्ये डिस्नेलँड रेल्वेवर पाचवे इंजिन दाखल झाले. १९०२ साली बाल्डविन कारखान्यात तयार झालेले हे इंजिन पूर्वी लुइझियानातील उसाच्या मळ्यात राबत होते आणि त्याचे नाव ‘मॉड एल.’ असे होते. डागडुजी आणि नवी रंगरंगोटी करून त्याला ‘वॉर्ड किंबॉल’ हे नाव देण्यात आले.